वस्तीत बास्केटबॉल आणि अभ्यासवर्ग एकत्र कसा चालवायचा

बरेच जण विचारतात की वस्तीतल्या पोरांसाठी काहीतरी करायचंय, खेळ सुरू करू की शिकवणी, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे की दोन्ही, एकाच वेळी, एकाच जागी आणि शक्यतो त्याच माणसांनी. नुसती शिकवणी काढली की पहिल्या आठवड्यात चाळीस पोरं येतात आणि दिवाळीनंतर सहा उरतात. नुसता खेळ काढला तर गर्दी टिकते, पण तीच पोरं आठवी-नववीत गणितात अडकतात, मग शाळा बुडवायला लागतात, मग कुठेतरी डिलिव्हरी नाहीतर गॅरेजला लागतात आणि ग्राउंडही सुटतं. आम्ही तिघं मित्र पुण्यात मनपाच्या शाळेच्या ग्राउंडवर नऊ वर्षं हे करतोय, त्यात जे जमलं आणि जे चुकलं ते लिहितोय, ज्याला सुरू करायचंय त्याने खुशाल यातलं उचलावं.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. मुंबईत नागपाड्याला १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू झालं, क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन गृहस्थ त्याच्या मागे होते, आणि आज आपण जिला टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो ती समाजकार्याची संस्था १९३६ मध्ये त्याच नेबरहूड हाऊसमध्ये सुरू झाली. खेळ आणि वस्तीतलं काम तिथे सुरुवातीपासून एकमेकांना चिकटून होतं. त्या दाटीच्या गल्ल्यांमधून पुढे देशाच्या टीमपर्यंत पोरं गेली, अब्बास मुंतसिर तिथलेच, भारताचे कप्तान झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. कितीतरी जण स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वे, कस्टम्स अशा ठिकाणी नोकरीला लागले, म्हणजे घरात पहिला कायमचा पगार आला तो बॉलमुळे. नागपाड्याकडून मी दोन गोष्टी घेतल्या, कोर्ट घरापासून चालत पाच मिनिटांवर पाहिजे आणि मोठ्या पोरांनी लहानांना शिकवलं पाहिजे. बसने जावं लागणारं भारी स्टेडियम आपल्या पोरांच्या कामाचं नाही.

बास्केटबॉलच का, क्रिकेट का नाही, असं विचारणारे असतातच. क्रिकेटला ग्राउंड मोठं लागतं आणि बारकं पोरगं अर्धा तास बाउंड्रीवर उभं राहून घरी जातं. इथे १५ बाय ११ मीटर जागेत थ्री बाय थ्रीचं, म्हणजे तीन विरुद्ध तीनच्या बास्केटबॉलचं पूर्ण कोर्ट बसतं, सहा जण आत, सगळ्यांच्या हातात बॉल येतो, दहा मिनिटांत नाहीतर २१ पॉइंटला मॅच संपते आणि पुढची टीम आत. मुलं-मुली एकत्र खेळू शकतात. आणि टोकियो ऑलिम्पिकपासून थ्री बाय थ्री ऑलिम्पिकमध्ये आहे, हे पालकांना सांगितलं की त्यांचाही चेहरा जरा बदलतो.

जागेसाठी सगळ्यात आधी मनपाच्या नाहीतर अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, पण तोंडी परवानगीवर एक दिवसही चालू नका. आमचं पहिलं ठिकाण असंच गेलं, सर एकदम चांगले होते, "करा हो बिनधास्त" म्हणाले, वर्षभरात त्यांची बदली झाली आणि नवीन मॅडमनी गेटला कुलूप लावलं, पोरं तीन आठवडे बाहेर फुटपाथवर उभी. चूक त्यांची नव्हती, त्यांच्याकडे कागदच नव्हता. तेव्हापासून लेखी पत्र, त्यात वार, वेळ, एक वर्गखोली, लाइट, पिण्याचं पाणी आणि टॉयलेटची चावी हे सगळं लिहून घेतो. टॉयलेटची चावी वेगळी लिहून घ्या, याच्यावर पुढे येतोच.

सामानाला फार पैसे लागत नाहीत. सिमेंटच्या ग्राउंडवर लेदरचा बॉल महिन्यात सोलून निघतो, रबरीच घ्या, चार पोरांमागे एक हे प्रमाण ठेवा, त्यापेक्षा कमी असतील तर पोरं रांगेतच उभी राहतात. बारा वर्षांखालच्यांना ५ नंबर, त्याच्यावरच्या मुलींना आणि तेरा-चौदाच्या मुलांना ६ नंबर, मोठ्या मुलांना ७. लहान पोराला ७ नंबर दिला की ते छातीपासून ढकलायला शिकतं आणि ती सवय पुढे मोडत नाही. रिंग ३.०५ मीटरवर असते पण लहानांसाठी २.६० वर एक वेगळी लावा, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून भिंतीला ब्रॅकेट मारून घेतलं तरी चालतं, फक्त भिंत मजबूत आहे का ते आधी बघा. पंपाच्या पिना पाच-सहा घेऊन ठेवा आणि पिन घालायच्या आधी ओली करा, कोरडी घुसवली की वॉल्व्ह फाटतो आणि बॉल गेला. हे सांगायला कोणी नव्हतं म्हणून आमचे पहिल्या वर्षी चार बॉल गेले. लाइनी खडूने नाहीतर चुन्याने मारा, ते काम पोरांनाच द्या, टेप घेऊन ४.६० मीटर मोजून फ्री थ्रोची लाइन मारणं हा भूमितीचा तासच आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे बहुतेक लोक चुकतात. सुरू करणाऱ्याला पहिला नियम सुचतो तो म्हणजे "नापास झालास तर खेळायला नाही". अमेरिकेत टेक्सासमध्ये १९८४ साली हा नियम कायद्यानेच आणला, एका जरी विषयात ७० च्या खाली गेलं की सहा आठवडे टीमबाहेर. ऐकायला बरोबर वाटतं. आम्हीही पहिल्या वर्षी हेच केलं, सहामाहीत तीन पोरं दोन-तीन विषयांत नापास झाली, त्यांना महिनाभर बंदी घातली, आणि त्यातली दोघं परत आलीच नाहीत, ना ग्राउंडवर ना अभ्यासाला. ज्यांना आपली सगळ्यात जास्त गरज होती त्यांनाच आपण हाकललं, हे आजही मला लागतं. मार्क हे सहा-सात वर्षांच्या साचलेल्या गोष्टीचं फळ असतं, पोराच्या आजच्या हातात फक्त येणं आणि बसणं असतं. म्हणून आमचा नियम आता एवढाच आहे, त्या दिवशी अभ्यासाला बसलास तर त्या दिवशी मॅच खेळशील, मार्क कितीही पडोत. आणि उशिरा आला, अभ्यास बुडला, तरी गेटमधून परत पाठवायचं नाही, मॅच नाही मिळणार पण स्कोअर लिही, बॉल आणून दे, इथेच थांब.

कॅलिफोर्नियातल्या रिचमंड हायस्कूलचे कोच केन कार्टर यांनी १९९९ मध्ये एकही मॅच न हरलेल्या टीमसाठी, काही पोरं अभ्यासात मागे पडली म्हणून, जिमला कुलूप लावलं होतं, त्याचं उदाहरण मला लोक नेहमी देतात. पण तिथे दोन गोष्टी होत्या ज्या लोक विसरतात. एक म्हणजे सीझनच्या आधी पोरांनी आणि घरच्यांनी करारावर सह्या केल्या होत्या, तासाला बसायचं, पुढच्या रांगेत बसायचं वगैरे, आणि दुसरं म्हणजे कुलूप सगळ्या टीमला लागलं, जे पास होते त्यांनाही, आणि पोरांना घरी न पाठवता अभ्यासाला बसवलं. म्हणजे नापासाला एकटं पाडलं नाही. करार तुम्हीही करा, मराठीत, एक पान, साधी वाक्यं, आई-वडिलांची सही नाहीतर अंगठा, आणि त्यात तुमच्या बाजूची वचनंही लिहा, आम्ही वेळेवर येऊ, मारणार नाही, आईबापावरून बोलणार नाही.

रोजची वेळ पावसाळ्यात आणि थंडीत वेगळी ठेवावी लागते. जून ते सप्टेंबर साडेपाचला वीस मिनिटं हलका खेळ, मग एक तास अभ्यास, मग उजेड असेपर्यंत मॅच, पाऊस असेल त्या दिवशी बॉल सोडून बाकी सगळं. थंडीत सहाला अंधारतं म्हणून आधी खेळ आणि मग लाइटखाली अभ्यास, त्या महिन्यांत मॅच आधी झालेली असते म्हणून काही पोरं सटकतात, तेव्हा आजच्या अभ्यासावर उद्याची मॅच असं ठेवतो. शाळेतून थेट आलेल्या पोराला आधी खायला द्या, उकडलेले चणे, केळं, शेंगदाणे-गूळ, अंडं काहीही, उपाशी पोराला ना अपूर्णांक कळत ना लेअप (धावत रिंगजवळ जाऊन बॉल टाकणं). बिस्किटाचे पुडे सोपे पडतात पण शक्यतो टाळा.

अभ्यासात इयत्तेप्रमाणे बसवू नका. सातवीतल्या पोराला दुसरीचा उतारा वाचता येत नाही हे आपल्याला माहीत असतं पण मान्य करायला जड जातं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला बाजूला घेऊन दोन मिनिटं वाचायला द्या, अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट, आणि हातच्याची वजाबाकी आणि साधा भागाकार, 'प्रथम' संस्थेच्या असर चाचणीचा हाच साचा आहे. जिथे अडकलं तिथून गट पाडा. सातवीतला आणि चौथीतला एका गटात आला तर मोठ्याला लाज वाटते, त्याला उपाय म्हणजे गटांना कधीही पहिला-दुसरा म्हणायचं नाही, आम्ही पोझिशनची नावं देतो, गार्ड, फॉरवर्ड, सेंटर, आणि दर दोन महिन्यांनी अदलाबदल होते म्हणून कोणाला काही चिकटत नाही. दहावीची पोरं मात्र वेगळी, त्यांना बालभारतीची पुस्तकं आणि जुने पेपर एवढंच.

कोर्टवरचं गणित हे आमचं सगळ्यात आवडतं. एक प्रसंग सांगतो. सहावीतलं एक पोरगं, अपूर्णांक म्हटलं की वही बंद करायचं. फ्री थ्रोची वही त्याच्याकडे होती. त्याने स्वतःचे वीसात अकरा लिहिले आणि दुसऱ्या एकाचे दहात सात, आणि खाली स्वतःचं नाव पहिलं टाकलं. म्हणे माझे अकरा गेले, त्याचे सातच. मी म्हटलं बरोबर, पण त्याला पण वीस टाकायला दिले असते तर? पोरगं गप्प. बॉल दोनदा आपटला, रिंगकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "चौदा." मग स्वतःच वही घेऊन नाव खोडलं आणि दुसऱ्या नंबरवर लिहिलं, चेहरा पडला होता त्याचा, पण दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्या टीमचे शंभरात किती होतात ते काढत बसला, आणि शेकडेवारी शाळेत शिकवायच्या आधी याला येत होती. त्यामुळे स्कोअरची वही कधीही दादाने लिहू नये. दर आठवड्याला दोन नवीन पोरांकडे द्या, एक लिहिणार एक तपासणार. मॅचचा चार ओळींचा रिपोर्ट पण पोरांकडून लिहून घ्या, मराठीत, नंतर इंग्लिशमध्ये, निबंध म्हटला की पळणारी पोरं कालच्या मॅचवर पानभर लिहितात, व्याकरण मागाहून बघता येतं.

मुलींबद्दल सविस्तर लिहितो कारण इथे माझी दोन वर्षं फुकट गेली. मुली पाचवी-सहावीपर्यंत येतात, सातवी-आठवीत एकेक करून गायब होतात आणि आपण समजतो की घरचे पाठवत नाहीत. घरी जाऊन बसल्यावर कळलं की कारणं साधी आहेत. पाण्याची वेळ साडेपाचची, नळावर मुलगीच लागते. धाकट्या भावाला कोण सांभाळणार. पाळीच्या दिवसांत टॉयलेटला कुलूप. घरी जायला आठ वाजतात आणि कोपऱ्यावर टपोरी उभे. यातल्या प्रत्येकाला उपाय होता. मुलींची वेळ सव्वासहाची केली, धाकट्यांना बरोबर आणू दिलं (कोपऱ्यात सतरंजी आणि चित्रांची पुस्तकं), टॉयलेटची चावी ताईकडे, पॅडचा डबा तिथेच, आणि घरी जाताना गटाने जायचं, शेवटच्या मुलीच्या दारापर्यंत एक ताई. लेगिंग आणि लांब टी-शर्टवर खेळू द्या, गणवेशाचा हट्ट नको. आणि एक ताई प्रशिक्षक पाहिजेच, त्याशिवाय बाकी सगळं अर्धवट. पुण्याची शिरीन लिमये भारताची कप्तान झाली हे मुलींना सांगा, आपल्याच गावातली म्हटल्यावर ते नाव वेगळं ऐकू येतं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे पण पोराचं आयुष्य इथे अडकतं म्हणून पहिल्या वर्षीच उरकून घ्या. प्रत्येक पोराची एक फाइल, जन्मदाखला, आधार, बोनाफाइड, लागू असेल तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव एकच आहे का ते बघा, आडनावातली एक वेलांटी चुकली तरी पुढे फॉर्म परत येतो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या असतात आणि एन्ट्री शाळेमार्फतच जाते, म्हणजे शाळेत नाव नसेल तर खेळताच येत नाही. पोराला शाळेत टिकवायला हे आपल्या हातातलं सगळ्यात चांगलं कारण आहे, ते वापरा. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत बोर्डाकडे जातो, त्या वर्षीचं परिपत्रक दिवाळीतच शाळेत मागा, मार्चमध्ये धावपळ करून काही होत नाही. सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, पण ते वरच्या पातळीवर खेळलेल्यांसाठी, तेव्हा सगळ्यांना त्याची स्वप्नं दाखवू नका.

आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते, सरकारी, मनपाच्या नाहीतर अनुदानित शाळेतल्या आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी, लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आमच्याकडे सातवीच्या मे महिन्यापासून याची वेगळी तयारी चालते, बुद्धिमत्तेचे प्रश्न पोरांना कोड्यासारखे आवडतात. एका घराला महिना हजार रुपये म्हणजे पोरगं कामाला न लावण्याचं कारण.

दहावीला पालक ग्राउंड बंद करतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना भीती आहे. पाच दिवसांऐवजी तीन दिवस, अर्धाच तास खेळ आणि दोन तास अभ्यास असं मधलं काढा, अगदी बंद केलं तर पोरगं अभ्यास करत नाही, मोबाइल बघतं, हे आईलाही माहीत असतं. आणि जी शाळा सोडून बसलीत त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, बाहेरून दहावीला बसता येतं. आमची एक मुलगी दोन वर्षं घरी होती, रोज कोर्टच्या कडेला भावाला घेऊन उभी राहायची, एक दिवस ताईने विचारलं खेळतेस का, पुढच्या वर्षी १७ नंबर भरला, पास झाली, आता नर्सिंगला आहे. आम्ही तिला शोधायला गेलो नव्हतो, ती रोज समोर उभी होती, आम्हीच बघत नव्हतो.

पोरं म्हणतात दादा मी एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग) जाणार. हसू नका. पंजाबातल्या छोट्या गावातल्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये तिथल्या डॅलसच्या टीमने निवडलं होतं, तो पहिला भारतीय. हे सांगा आणि मग विचारा की तिथे मुलाखत इंग्लिशमध्ये घेतात, उद्यापासून रोज पाच वाक्यं बोलायची का. पण आपल्या मनात हिशोब स्पष्ट पाहिजे की शंभरातली बहुतेक पोरं खेळाडू होणार नाहीत, दहावी-बारावी, आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, नोकरी, हेच यायचंय. टॅलेंट बघून पोरं निवडायला लागलात तर हे काम संपलं. बुटकं, जाडं, घाबरट, सगळ्यांना घ्या.

सुरक्षिततेत तडजोड नाही. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत नाही, नेहमी दोन मोठी माणसं, प्रत्येक स्वयंसेवकाची ओळखपत्रं आणि पोलीस व्हेरिफिकेशन, पोरांना पर्सनल मेसेज बंद, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, असं काही कळलं आणि कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे, हे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगा. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर भिंतीवर मोठा लिहा. अनवाणी खेळू देऊ नका, जुन्या बुटांचा एक डबा ठेवा, सोसायट्यांमधून पोतंभर बूट मिळतात.

माणसं कुठून आणायची तर जवळच्या कॉलेजातल्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा, मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतंच. पण एकेका दिवसासाठी फोटो काढायला येणारे नकोत, आठवड्यात ठरलेले दोन दिवस आणि वर्षभर, जमत नसेल तर सरळ नाही म्हणा, आपल्या पोरांना सोडून जाणारी माणसं आधीच खूप भेटलेली असतात. एकाकडे पाच-सहा पोरं पुरे. शिकवणाऱ्याने ग्राउंडवर उतरायचं, खेळ येत नसला तरी, पोराने तुम्हाला लेअप चुकताना बघितलं की तेही तुमच्यासमोर चुकीचं वाचायला घाबरत नाही. आणि आपल्यातून बारावी झालेल्या पोरांना थोडं मानधन देऊन परत आणा, फुकट राबवू नका, त्यांच्या घरी पैशाची गरज आहे.

रजिस्टर साधं ठेवा, रोजची हजेरी, महिन्यातून एकदा शाळेतली हजेरी, वर्षातून तीनदा वाचनाची पातळी, आणि नववीतून दहावीत किती गेले. एवढ्यावर कळतं आपण कुठे कमी पडतोय. कप किती जिंकले ते लिहायची गरज नाही, ते पोरं लक्षात ठेवतात.

मे महिन्यात अर्धी पोरं गावाला जातात आणि त्यातली काही परत येत नाहीत, वीटभट्टीवर, लग्नाच्या केटरिंगला, मामाच्या दुकानात राहतात. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात रजिस्टर घेऊन घरोघरी जा, नाव वाचत जा, जो नाही त्याच्या घरी बसून चहा घ्या आणि गावाचा नंबर मागा, फोन लावा, पोराशी बोला. त्याला फक्त सांगा की बॉलमध्ये हवा भरून ठेवलीय, सोमवारी ये.